करंगळी वगळून

श्लोइटाल, थुरिंगिया
१२ फेब्रुवारी १९९२

लोथार,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं की प्रश्नपत्रिका, ते तूच ठरव. एकोणीस प्रश्न, शिवाय पोटप्रश्न. अडीच पानांत, घरच्या नावाने, "रोझेल, तू कशी आहेस" एवढी एक ओळ काही मावली नाही. मी बरी आहे. थर्मामीटरचा कारखाना नोव्हेंबरात बंद पडला, तेव्हापासून घरीच असते. बहिणीला आता वेळच वेळ असेल असं तू गृहीत धरलंस, ते बरोबरच निघालं.

उत्तरं क्रमाने देते, नाहीतर पुरवणी येईल.

होय, तू म्हणतोस तो व्हायोलिन कॉन्चेर्टो आमच्याकडे आहे. चर्चच्या संगीताच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, बाबांनी ठेवला होता तिथेच. तुला त्याचा पत्ता १८४७ सालच्या मासिकातल्या चार ओळींवरून लागला. बाबांना तो १९६१ च्या मे महिन्यात ऑर्गनच्या भात्यामागे सापडला होता. तू तेव्हा वायमारला शिकायला होतास आणि रविवारी घरी यायचास तो धुवायचे कपडे टाकायला. त्यामुळे तुला ठाऊक नसणं स्वाभाविक आहे.

वह्या दोनच आहेत, एक एकल व्हायोलिनची आणि एक बासची, खालच्या सुरांची. बाकी वाद्यांच्या कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नाही. वरती नाव नाही, नुसती दोन अक्षरं आहेत. ती ट्राऊगॉट वाइसेनबोर्नची असतील, किंवा नसतीलही. त्या काळात या खोऱ्यात त्या अक्षरांचे निदान चार वादक होते आणि त्यातला एक तर दारू पिऊन नदीत पडला होता. तू वाइसेनबोर्न ठरवून मोकळा झाला आहेस, मग मला कशाला विचारतोस?

वह्या टपालाने पाठवणार नाही. फ्रायबुर्गच्या प्रोफेसरांना, म्हणजे तुला, हव्या असतील तर त्यांनी यावं. आता मध्ये भिंत नाही, गाडी थेट येते. तोवर तिन्ही भागांच्या फोटोकॉपी पाठवते आहे. मधल्या, संथ भागाच्या प्रती जरा फिक्या आल्या आहेत. नीट बघ. पन्नाशीला आलास, चष्मा लागला असेलच, तो लावून बघ.

रोस्विता


९ मार्च

लोथार,

इतक्या वर्षांत तुझ्या पत्रात पहिल्यांदाच उद्गारचिन्हं दिसली, आणि तीही वाइसेनबोर्नसाठी. संथ भाग वाचून तुला तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही म्हणतोस. बरं वाटलं. का वाटलं ते मी आता सांगणार नाही.

तुझा लाडका प्रश्न आधी. बोटांचे आकडे. तू लिहितोस की संथ भागात जवळजवळ प्रत्येक सुरावर कोणत्या बोटाने वाजवायचं त्याचा आकडा आहे, आणि सगळे आकडे एक, दोन आणि तीन. चार, म्हणजे करंगळी, कुठेच नाही. जिथे कुठलाही शहाणा वादक करंगळी टेकवून मोकळा होईल, तिथे हा बुवा अख्खा हात वर सरकवून तिसऱ्या बोटाने सूर गाठायला लावतो. बरोबर आहे, मी भिंग लावून पाहिलं. खोडलेला चार कुठेही नाही. फक्त शेवटच्या सुरावर आकडाच नाही. तिथे खोडाखोडही नाही. तिथे काही लिहिलंच नव्हतं.

आणि त्यावरून तू निष्कर्ष काढलास की ज्या वादकासाठी वाइसेनबोर्नने हा भाग लिहिला, त्याची डावी करंगळी निकामी होती. वा! आता तू १८४७ मधला करंगळीचा रुग्ण शोधणार. गोथाच्या दरबारातल्या वैद्याची टिपणं मागवली आहेस म्हणे.

लोथार, हे पत्र डाव्या हातात धर. धरलंस? आता त्या हाताकडे बघ.

काही नाही. थंडी आहे, हाडं दुखत असतील, म्हणून म्हटलं. दारात चेमटलेलं बोट थंडीत दुखतंच.

बासच्या वहीबद्दल विचारलंस म्हणून लिहिते. पहिला भाग आहे, तिसरा आहे, मधली पानं कोरी आहेत. पाच-पाच रेघा आखलेल्या आहेत, त्यांवर काही नाही.

रोस्विता


२८ एप्रिल

लोथार,

प्रस्तावनेचा कच्चा खर्डा मिळाला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाल्ट्राऊटला मोठ्याने वाचून दाखवला, कारण मला एकटीला तो झेपेना. वाल्ट्राऊट तुला आठवत असेल, चर्चच्या किल्ल्या हिच्याकडे असतात आणि गावातल्या प्रत्येकाबद्दलचं मतही. ती म्हणाली, "हा तुमचा भाऊ लहानपणीही असाच होता. समोर ताटात वाढलेलं दिसायचं नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन शोधायचा."

पान सतरा. "संथ भागात बासला संपूर्ण मौन देऊन वाइसेनबोर्नने आपल्या काळाच्या कितीतरी पुढची झेप घेतली आहे." लोथार! पानं कोरी आहेत म्हणजे लिहिणाऱ्याने लिहिलं नाही. त्याला झेप म्हणतात का? उद्या माझी वाण्याची यादी कोरी सापडली तर मी उपोषणाचं व्रत घेतलं होतं असं लिहिशील.

पान एकवीस. "शाई, रेघा आणि हस्ताक्षर तिन्ही भागांत निःसंशय एकच." तू कोणाच्या घरात वाढलास रे? आपल्याकडे ओकच्या पानांवरच्या गाठी कोण गोळा करायचं? तू आणि मी, दर सप्टेंबरात, पिशवी घेऊन. बाबा त्या कुटून, गंजके खिळे घालून शाई करायचे आणि आईचं पातेलं दरवर्षी एक खराब करायचे. पाच टोकांच्या टाकाने रेघा कोण आखायचं? आणि जुन्या वहीत एखादं पान फाटलं तर बाबा ते कुठल्या अक्षरात उतरवायचे? स्वतःच्या? कधीच नाही. "एका वहीत एकच अक्षर." दुसरा हात दिसला की वाजवणाऱ्याची नजर अडखळते, म्हणून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या प्रत्येक कँटरचं, त्यांच्या आधी चर्चचं संगीत सांभाळणाऱ्या प्रत्येकाचं, अक्षर घोटलं होतं. त्यापायी तुला सहा वेळा एकच पान लिहायला लावलं होतं आणि तू रडला होतास.

हे सगळं ज्याला ठाऊक आहे असा माणूस जगात एकच आहे, माझ्याखेरीज. आणि तोच पुस्तक लिहितो आहे.

छपाई सप्टेंबरात म्हणतोस, पहिला प्रयोग चार ऑक्टोबरला. मला थोडा वेळ दे.

रोस्विता


१७ मे

लोथार,

आता सरळच लिहिते. मी वाट बघून थकले.

संथ भाग वाइसेनबोर्नचा नाही. तो बाबांचा आहे.

वही सापडली तेव्हा तिच्या मधली आठ पानं कोरी होती. बाबांचा तर्क असा की मूळ संथ भाग वादकाने स्वतःच्या सुट्या कागदांवरून वाजवला आणि ते कागद त्याच्याबरोबर गेले. तुझ्या त्या मासिकात बायका ऐकून रडल्या म्हणून लिहिलंय तो भाग कसा होता, हे आता देवालाच ठाऊक. बाबांनी ठरवलं की ऑक्टोबरात गावजत्रेच्या रविवारी हा कॉन्चेर्टो चर्चमध्ये व्हायोलिनवर तू वाजवायचास. तुला अचानक दाखवायचा होता. म्हणून रोज दुपारी ऑर्गनच्या बाकावर बसून त्यांनी मधला भाग लिहायला घेतला. तुझ्या बोटांसाठी. करंगळी वगळून.

जुलैत तू गेलास. वायमारहून बर्लिन, तिथून पलीकडे. आम्हाला तुझं कार्ड आलं तोवर दहा दिवस झाले होते. बाबांनी कार्ड वाचलं, चष्मा पुसला आणि चर्चमध्ये गेले. मला वाटलं आता वही मिटतील. मिटली नाही. शेवटची दोन पानं त्यांनी तू गेल्यावर लिहिली आहेत. भिंत उभी राहिली त्या रविवारी संध्याकाळीही ते लिहीत होते, मी त्यांना जेवायला बोलवायला गेले होते. म्हटलं, "बाबा, आता कोण वाजवणार आहे?" ते म्हणाले, "वाजवणारा नाही म्हणून काय अर्धं ठेवायचं?"

शेवटच्या सुरावर मात्र त्यांनी आकडा घातला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हा त्याचा तो ठरवेल."

बासच्या वहीला ते लागलेच नाहीत. ते मौन म्हणजे एवढंच आहे, लोथार. पण बास त्यांच्या डोक्यात पुरा होता. दरवर्षी सहा फेब्रुवारीला, तुझ्या वाढदिवशी, ते ऑर्गनवर तो वाजवायचे. फक्त खालचे सूर. वर व्हायोलिनची जागा मोकळी सोडून, जिथे तुला श्वास घ्यायला लागेल तिथे थांबत. तेरा वर्षं मी शेजारी उभी राहून ऐकला आहे. वाल्ट्राऊटला वाटायचं कँटरसाहेबांचं डोकं फिरलं.

मी फेब्रुवारीत तुला गप्प राहून पानं पाठवली ती मुद्दाम. आकडे बघशील, करंगळीकडे बघशील आणि ओळखशील असं वाटलं होतं. तू ओळखावंस म्हणून मी तीन महिने थांबले. यात माझंही चुकलं. पण आता तू तो भाग दुसऱ्याच्या नावावर छापू नकोस. बाबांनी आयुष्यात एकच मोठी गोष्ट लिहिली. ती वाइसेनबोर्नच्या किंवा नदीत पडलेल्या कुठल्या दारुड्याच्या नावावर जाऊ नये.

रोझेल


३ जून

लोथार,

तू काल वाल्ट्राऊटकडे फोन केलास. बरं झालं केलास, आणि वाईटही झालं. मी घरी आल्यावर आपलं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलं, म्हणजे पुढेमागे तू "मी असं बोललोच नाही" म्हणायला नको.

तू म्हणालास, "अगं, तू शुद्धीवर आहेस ना? बाबांना चर्चमधली गाणी बसवता यायची. कॉन्चेर्टो? बाबांना?"

मी म्हटलं, "जो वाचून तुला तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही, तोच."

"पुरावा काय?"

वाल्ट्राऊट कणीक मळल्यासारखी बटाटे पिळत होती, तिथून ओरडली, "प्रोफेसरांना म्हणावं, पुरावा चर्चच्या मागे पुरलाय, डावीकडून तिसरी रांग! ते दफनाला आले असते तर जागा ठाऊक असती!"

तू म्हणालास, "तिला आधी गप्प कर."

मी नाही केलं. चौऱ्याहत्तर साली बाबा गेले तेव्हा तुला येता येत होतं. कायदा बदलला होता, पलीकडे गेलेल्यांनाही येऊ देत होते, खानावळवाल्या एर्नाचा भाऊ आला होता, पुष्पगुच्छ घेऊन. तुझं आलं ते पुष्पचक्र, दुकानामार्फत, आणि त्यावर बाबांचं नाव चुकवलेलं.

मग तू म्हणालास, "रोझेल, तुला पहिल्यापासून माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही." आणि फोन ठेवलास.

आता ऐक. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही, आणि ते तुझ्याखेरीज फक्त मलाच ठाऊक आहे. तुझं बोट दारात चेमटलं नव्हतं. गावच्या इस्त्रीघरातल्या मोठ्या लाटण्यांच्या यंत्रात गेलं होतं. दांडा मी फिरवत होते. तू पाच वर्षांचा, मी आठ. तू चादरीची कड धरली होतीस आणि म्हणत होतास, "थांब, थांब," आणि मला वाटलं तू खेळतोयस. बाबा धावत आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "दारात सापडलं." पाच वर्षांचं पोर, रक्ताने हात भरलेला, आणि मला वाचवायला खोटं बोललं. मी ते खोटं तसंच चालू दिलं. बाबा गेले तरी चालू दिलं. मार्चमध्ये तुलाच लिहितानाही "दारात" असंच लिहिलं, लाज वाटली नाही.

त्या संथ भागात जिथे जिथे हात वर सरकतो, तिथे तिथे मला ते यंत्र ऐकू येतं. तेव्हा मला तुझं चांगलं बघवत नाही असं पुन्हा म्हणू नकोस. पुरावा हवा असेल तर माझ्याकडे एवढाच आहे. तो तळटीपेत घालता येणार नाही.

छापायचं ते छाप. मी वर्तमानपत्राला लिहिणार नाही, कोणाला सांगणार नाही. बाबांनी तुझ्यासाठी लिहिलंय, ठेवायचं की टाकायचं ते तुझं.

रोझेल


३० जुलै

लोथार,

आठ आठवडे तू काही कळवलं नाहीस. मी टपालवाल्याशी भांडले, वाल्ट्राऊटशी भांडले, ऑर्गन दुरुस्त करायला आलेल्या सज्जन माणसाशीही भांडले. आणि आज तुझं कार्ड आलं, पाठीवर ब्लॅक फॉरेस्टची गाय. एकच ओळ:

"बास कसा होता?"

अरे माणसा, बास कसा होता हे कार्डावर कसं लिहू? मला सूर लिहिता येत नाहीत, नुसते वाजवता येतात. बाबांनी मला कधी अक्षर घोटायला लावलं नाही, ती शिक्षा तुझ्यासाठी राखीव होती.

गावजत्रा अकरा ऑक्टोबरला आहे. बाबांचं व्हायोलिन माझ्या कपड्यांच्या कपाटात आहे, त्याच्या तारा बदलायला टाकल्या आहेत. गज तुझा तू आण, इथल्या गजाचे केस उंदरांनी खाल्ले. आणि सराव करून ये. किती वर्षांत हात लावला नाहीस ते विचारत नाही, ऐकल्यावर कळेलच.

रोझेल


१५ ऑक्टोबर

लोथार,

तू तुझी लोकरी टोपी विसरून गेलास. छत्रीही. शिवाय न्हाणीघरातला नळ नीट बंद केला नव्हतास, दुपारपर्यंत टपटप चालू होतं. टोपी टपालाने पाठवते, छत्री ठेवून घेते, कारण माझी तू बर्लिनला जाताना नेली होतीस, एकसष्ट साली.

तू ठेवून गेलेलं पुस्तक आज नीट पाहिलं. पहिला भाग, तिसरा भाग, आणि मध्ये आठ कोरी पानं, पाच-पाच रेघांची. खाली एकच टीप: मूळ संथ भाग हरवला आहे. मुखपृष्ठावर वाइसेनबोर्नच्या नावापुढे तू प्रश्नचिन्हही टाकलंस. तुझ्या विभागातले लोक हसले म्हणालास, कोणीतरी "अर्धा कॉन्चेर्टो, पाऊण प्रोफेसर" असंही म्हणालं. तू ते सांगताना हसलास, पण बटाट्याचा गोळा तीनदा काट्यावरून सटकला, तेव्हा मला कळलं. तीन वर्षांचं काम होतं तुझं. मला त्याचं वाईट वाटतं, हे समोर बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते.

आता रविवारचं. चर्चमध्ये सतरा माणसं होती, त्यातली दोन ऊब मिळावी म्हणून आलेली. वाल्ट्राऊटने घोषणा केली, "आता कँटर हाइमरिश यांचा संथ भाग वाजवला जाईल," आणि लगेच पुढे म्हणाली, "दारं लावून घ्या, वारा येतो." मी ऑर्गनवर बसले. पहिले चार सूर लावले आणि बाबा थांबायचे तिथे थांबले. इतकी वर्षं त्या थांब्यात काहीच यायचं नाही. रविवारी तिथे तू आलास.

खरं सांगते, तू चांगलं वाजवलं नाहीस. गज दोनदा तारेवरून घसरला. दुसऱ्या पानावर तू माझ्या पुढे पळालास, मला तुझ्यामागे फरफटत यावं लागलं, लहानपणी घसरगाडीवर व्हायचं तसंच. पण जिथे जिथे हात वर सरकायचा तिथे तो न बघता सरकला. जणू कोणी तुझ्या हाताचं माप घेऊन ठेवलं होतं.

मग शेवटचा सूर आला. मी ऑर्गनवर लावलेल्या आरशातून बघत होते. वाटलं, तू तिसरं बोटच टेकवशील, ते तयारच होतं. तू ते उचललंस, आणि ती वाकडी, ताठ, माझ्या हातून मोडलेली करंगळी तारेवर ठेवलीस. मला पुढचं दिसलं नाही. पायाने नुसता खालचा सूर दाबून धरला, तू सोडेपर्यंत.

नंतर जिन्यात तू म्हणालास, "शेवटचा सूर उतरला ना, जरा कमी लागला?" मी वह्या तुझ्या हातात दिल्या आणि पुढे झाले. तर आता सांगते. हो, उतरला होता. चांगलाच उतरला होता. वाल्ट्राऊटलासुद्धा कळलं, आणि तिला एका कानाने ऐकू येत नाही.

बाबांनी कौतुक केलं असतं अशा भ्रमात राहू नकोस. त्यांनी वही मागे उलटली असती, टाकाने बाकावर दोनदा ठोकलं असतं आणि म्हटलं असतं, "पुन्हा."

तेव्हा सहा फेब्रुवारीला ये.

रोझेल